कपाटातला जुना संग्रह मुलांच्या हातात कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तालुक्याच्या गावातलं जुनं महाविद्यालय. वनस्पतिशास्त्र विभागात तीन लोखंडी कपाटं भरून वाळवलेल्या वनस्पतींच्या शीट्स, शेजारच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत बरण्या, ग्रंथालयात लाल फडक्यात बांधलेल्या काही पोथ्या. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून प्राचार्य म्हणाले, "याचं छानसं म्युझियम करा, नाहीतर खोली मोकळी करून द्या." आणि तुम्ही, नोकरीचं तिसरं वर्ष असलेले प्राध्यापक, विचारताय की या जुन्या मालाचा मुलांना शिकवायला खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर सुरुवात कुठून करायची.

उपयोग होतो. मी २८ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातली १८ वर्षं विभागाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सांभाळलं. पहिली काही वर्षं मीही कपाटाची किल्ली जपण्यालाच सांभाळणं समजत होते. वर्गातली मुलं पुस्तकातल्या आकृत्या उतरवून काढत होती आणि त्यांच्या पाठीमागे सहा फुटांवर खरी झाडं बंद होती. हे लक्षात यायला मला वेळ लागला, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

म्युझियम करायचं की खोली मोकळी करायची, हा प्रश्न मला मुळात चुकीचा वाटतो. दोन्हीत मुलं कुठेच नाहीत. काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडलेली वस्तू समिती दोन मिनिटं बघते आणि मुलं तीन वर्षांत एकदा. खरा प्रश्न असा आहे की कुठली वस्तू, किती मुलांसमोर, किती वेळ आणि कुठला प्रश्न घेऊन ठेवायची. विद्यापीठातल्या संग्रहालयाची मूळ कल्पना हीच होती. ऑक्सफर्डचं ॲशमोलियन १६८३ साली उघडलं. तेव्हाच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर वस्तूंचा संग्रह, मधल्या मजल्यावर व्याख्यानाची खोली आणि तळघरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. वरून वस्तू आणायची, मध्ये तिच्यावर बोलायचं आणि खाली तिची परीक्षा करायची. तीन मजले एका जिन्याने जोडलेले. आपल्याकडे तो जिनाच तुटलाय. तुमच्याकडेही कपाट, वर्ग आणि प्रयोगशाळा एकाच मजल्यावर असतील, तरीही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते. शीट्सना कीड किती लागलीय, चिठ्ठ्या जागेवर आहेत का, प्रात्यक्षिकाच्या तुकडीत किती मुलं असतात, विभागात तुमच्याशिवाय आणखी कुणाला यात रस आहे का. तीनशे शीट्स आणि चिठ्ठ्या शाबूत असतील, तर तुम्ही श्रीमंत आहात. तीन हजार शीट्स आहेत पण चिठ्ठ्या गेल्यात, तर काम खूपच अवघड आहे. म्हणून आधी चिठ्ठीबद्दल.

हर्बेरियमची शीट म्हणजे साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर टाचलेली वाळकी फांदी आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. कधी आणखी दोन ओळी: 'ओढ्याकाठी', 'फुलं फिकट जांभळी', 'गावकरी याला अमुक म्हणतात'. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, त्यामुळे तो शब्दांतच उरतो. मी तर म्हणेन, शीटचं अर्धं मोल त्या चिठ्ठीत आहे. झाडाचं नाव चुकलेलं असलं तरी चालतं, कारण फांदी समोर आहे, ओळख पुन्हा पटवता येते. ठिकाण आणि तारीख एकदा हरवली की ती जगात कुणीच परत देऊ शकत नाही.

एका महाविद्यालयात मला संग्रह बघायला बोलावलं होतं. रंगरंगोटी नुकतीच झालेली, सगळ्या शीट्सना नवीन छापील चिठ्ठ्या: ठळक अक्षरात लॅटिन नाव, कुळाचं नाव, विभागाचं बोधचिन्ह. दिसायला देखणं. जुन्या चिठ्ठ्या कुठे, असं विचारल्यावर तिथला सहायक म्हणाला, "मॅडम, पिवळ्या पडल्या होत्या, काढून टाकल्या." चारेकशे शीट्स होत्या. मी त्या दिवशी परतीच्या एसटीत काही बोलूच शकले नाही. तुम्ही बाकी काहीही करा किंवा करू नका, पण नॅकआधीची सफाई सुरू व्हायच्या आत प्रत्येक चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढा आणि कपाटांवर 'हात लावू नये' असा कागद चिकटवा. नवीन चिठ्ठी लावायचीच असेल तर जुनीच्या शेजारी लावा, तिच्यावर नको.

आता वर्ग. माझी पद्धत सांगते, तुम्ही तुमच्या सोयीने बदला. दोन तासांचं प्रात्यक्षिक, २० मुलं, पाच टेबलं, प्रत्येक टेबलावर एकच शीट. एकावेळी जास्त वस्तू ठेवल्या की मुलं प्रदर्शनात फिरल्यासारखी फिरतात. पहिली वीस मिनिटं पुस्तक नाही, मोबाईल नाही, चिठ्ठीवर कागद झाकलेला. फक्त पेन्सिलने चित्र काढायचं आणि दिसेल ते लिहायचं. पहिल्या पाच मिनिटांत मुलं म्हणतात, "झालं मॅडम." मी म्हणते, अजून बघा. दहाव्या मिनिटाला कुणालातरी पानाच्या मागच्या बाजूची लव दिसते, कुणाला किड्याने कुरतडलेली कड दिसते, कुणाला फांदीवर एकाच वेळी कळी, फूल आणि फळ दिसतं. मग चिठ्ठी उघडायची आणि विचारायचं: हे कधी, कुठे, कुणी, आणि तिथे आज काय आहे?

एकदा एका टेबलावर गेंद या रानफुलाची शीट होती. बोटभर उंचीचं झाड, वर पांढरं बटणासारखं फूल. चिठ्ठीवर शहराच्या पश्चिमेच्या एका खेड्याचं नाव आणि 'पाणथळ माळ, सप्टेंबर'. टेबलावरचा एक मुलगा एकदम म्हणाला, "मॅडम, मी इथेच राहतो. इथे पाणथळ काहीच नाही, आमची सोसायटी आहे." गेंदाला ओल लागते, जिथे पावसाळ्यात पाणी साचतं तिथेच तो येतो. मुलाने पुढच्या रविवारी वडिलांना आणि शेजारच्या एका आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, पार्किंग आहे तिथे पूर्वी म्हशी बसायच्या. आणि सोसायटीच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी का भरतं, हे त्या मुलाला वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कळलं. हे मी कितीही चांगलं व्याख्यान देऊन साधलं नसतं.

सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर आमच्याकडच्या कारवीच्या शीट्सनी. कारवी तुम्हाला माहीतच असेल, सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढते, तिच्या काटक्यांचे कूड करतात. वर्षानुवर्षं नुसती पानं, मग एका पावसाळ्यात सगळी टेकडी जांभळी, आणि फळं धरली की ती झाडं मरतात. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली ती बहरली, म्हणजे आठ वर्षांचं अंतर. लोक सर्रास 'सात वर्षांनी' म्हणतात, आणि ठिकाणागणिक वर्षं वेगळी पडतात. आमच्याकडे अकरा शीट्स होत्या. मी मुलांना एवढंच सांगितलं: फुलं असलेल्या शीट्सची वर्षं आणि ठिकाणं फळ्यावर लिहा आणि बघा काही जुळतंय का.

अर्ध्या तासात फळ्यासमोर भांडण लागलं. एका ठिकाणची दोन वर्षं आठच्या पटीत जुळत होती, एक शीट मात्र अगदीच मधल्या वर्षातली. एका गटाचं म्हणणं, चिठ्ठी चुकलीय. दुसऱ्या गटाचं, एखादं झुडूप मधेच फुलतंही. ते दुसरं खरं आहे, तुरळक झुडपं अवेळी फुलतात. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर क्वचित बोलली असेल, म्हणाली, "पण मॅडम, गोळा करणारा माणूस फूल दिसलं म्हणूनच थांबला असेल ना? ज्या वर्षी फुललीच नाही त्या वर्षीची शीट त्याने आणलीच नसेल." मी खडू खाली ठेवला. नमुना कसा निवडला गेला त्यावर निष्कर्ष ठरतो, ही संशोधनपद्धतीच्या पुस्तकातली अख्खी प्रकरणं तिने एका वाक्यात सांगितली होती.

त्यानंतर मुलांनी आपणहून सगळ्या कपाटातल्या तारखा मोजायला घेतल्या. बहुतेक शीट्स ऑगस्ट-सप्टेंबरच्या आणि डिसेंबरच्या निघाल्या. मे महिना जवळपास कोरा. ठिकाणं बघितली तर खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर. म्हणजे जिथे रेल्वे किंवा एसटी जाते, जिथे सहली जातात आणि जेव्हा महाविद्यालयाला सवड असते, तेव्हाचीच झाडं कपाटात आलीत. मेमध्ये फुलणारं आडवाटेचं झाड 'दुर्मिळ' दिसतं, ते खरोखर दुर्मिळ आहे की तिथे कुणी गेलंच नाही? हा प्रश्न पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी विचारला, आणि तो मोठमोठ्या संशोधकांनाही सुटत नाही.

जुन्या शीट्समधून नवीन प्रश्नांची उत्तरं मिळतात याचं माझं आवडतं उदाहरण केंब्रिजचं आहे. तिथल्या हर्बेरियममधल्या, २०० वर्षांच्या काळात गोळा झालेल्या आठ जातींच्या झाडांच्या पानांवरची पर्णरंध्रं, म्हणजे पान ज्यातून हवा घेतं ती बारीक छिद्रं, वनस्पतिशास्त्रज्ञ इयन वुडवर्ड यांनी मोजली आणि १९८७ साली दाखवून दिलं की त्यांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलीय. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, तेवढाच वायू आत घ्यायला पानाला कमी रंध्रं पुरू लागली. ती पानं ज्यांनी १८०० च्या आसपास दाबून ठेवली, त्यांच्या स्वप्नातही हा प्रश्न नव्हता. त्यांनी फक्त पान नीट वाळवलं आणि तारीख लिहिली. मुलांना मी हे सांगते तेव्हा वर्गात एक वेगळीच शांतता पसरते, कारण त्यांच्या समोरच्या शीटवरही तारीख असते. मात्र नेलपॉलिशचा थर लावून पर्णरंध्रं मोजण्याचा आपला नेहमीचा प्रयोग जुन्या शीटवर करू देऊ नका, पान सोलून निघतं. तो ताज्या पानावर करा. जुन्याची फारच ओढ असेल, तर शीटवरच्या पाकिटात आपोआप गळून पडलेला तुकडा असतो, त्यातलाच घ्या आणि तसं शीटवर लिहून ठेवा.

आता धोक्याचं. हे वाचल्याशिवाय कपाट मुलांसाठी उघडू नका. जुन्या शीट्स किडीपासून वाचवायला मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या विषारी संयुगाच्या द्रावणात बुडवून काढायची पद्धत होती. तो पारा अजून कागदावर असतो. कुठल्या शीट्सना लावलाय हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे सगळ्यांनाच लावलाय असं समजून चाला. हातमोजे, उघड्या खिडक्या, टेबलावर डबा किंवा पाण्याची बाटली नाही, शेवटी साबणाने हात. शीट पुस्तकाच्या पानासारखी उलटवायची नाही, खाली पुठ्ठा धरून आडवीच उचलायची. तुटलेला तुकडा चिकटपट्टीने चिकटवायचा नाही, पाकिटात घालून शीटवर लावायचा. कीड मारायला आज विषाची गरज नाही. शीट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोनेक आठवडे ठेवली की कीड मरते. आमचा फ्रीझर शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा होता, दिवाळीच्या सुट्टीत उसना घ्यायचो.

बरण्यांमध्ये फॉर्मलीन, म्हणजे प्राण्यांचे नमुने टिकवायचं विषारी द्रावण, असणार. त्या उघडू नका, मुलांना तर नाहीच. गळत असतील तर वेगळ्या हवेशीर जागी ठेवा आणि रसायनशास्त्रवाल्यांची मदत घ्या. पण टाकून देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केल्यापासून आजच्या मुलाला प्राण्याची आतली रचना खऱ्या शरीरात बघायची असेल, तर तुमच्या जुन्या बरण्यांतले नमुने हाच मार्ग उरलाय. ते आता पुन्हा कुणी करणार नाही. त्यात कासव, घोरपड, अजगर असले प्राणी असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. यादी करून प्राचार्यांच्या सहीने वनविभागाला पत्र द्या, म्हणजे पुढे कुणाला घोर लागणार नाही. कुणाला भेट म्हणूनही देऊ नका.

पोथ्या हा माझा विषय नाही, म्हणून थोडक्यात. लॅमिनेशन नको, तेल नको, पुसून स्वच्छ करणं नको. फडकं आहे ते राहू द्या. ७५ वर्षांपेक्षा जुनं आणि महत्त्वाचं हस्तलिखित कायद्याने पुरावस्तूत मोडतं, त्यामुळे त्याची नोंद ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत असलीच पाहिजे. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन ठिकाणी अशा कागदांमध्ये आयुष्य घालवलेली माणसं भेटतात. फोटो घेऊन जा. आणि तुमच्या इतिहास विभागातली दोन मुलं मोडी शिकायला तयार झाली, तर त्यांना त्यातलं एक पान द्या, एकच.

झाडांच्या ओळखीसाठीही एकटं पडू नका. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये १९०६ पासूनचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. तुमच्या शीट्सवर वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांच्यासारख्या कुणाची चिठ्ठी किंवा एखाद्या जुन्या संग्राहकाचा क्रमांक दिसला, तर त्याच क्रमांकाची जोडशीट तिथे असू शकते. तेव्हाचे लोक एकाच झाडाच्या दोन-तीन शीट्स करून वाटायचे. मुलांना तिथे घेऊन जा. आपल्या कपाटातल्या फांदीची बहीण मुंबईत सापडते, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर बघण्यासारखा असतो.

राहता राहिले प्राचार्य. त्यांच्याशी भांडू नका, त्यांची अडचणही खरी आहे, खोल्या कमी आहेत आणि समिती येणार आहे. त्यांना सांगा की नवीन अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक (क्रेडिट्स) आहेत आणि ते कुठे करायचे हा सगळ्याच विभागांसमोरचा प्रश्न आहे. पाच मुलांच्या गटाला एका वर्षी शंभर शीट्स: क्रमांक द्यायचा, फोटो काढायचा, नोंदवही आणि संगणकावरचा तक्ता भरायचा, आणि त्यातून स्वतःचा एक प्रश्न काढून आठ पानांचा अहवाल लिहायचा. समितीला काचेच्या कपाटापेक्षा असे वीस अहवाल आणि ते लिहिणारी मुलं दाखवा. मुलांना समोर बसवून बोलू द्या. खर्च म्हणाल तर हातमोजे, पाकिटं, आम्लरहित कागद आणि एक चांगला टेबललॅम्प. पहिल्या वर्षी आमचा खर्च प्रयोगशाळेच्या काचसामानापेक्षा कमी आला होता.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात चिठ्ठ्यांचे फोटो, मग वनविभागाचं पत्र आणि बरण्यांची तपासणी, मग जूनमध्ये एका तुकडीचं एकच प्रात्यक्षिक, पाच शीट्सवर. ते जमलं की पुढचं आपोआप सुचेल. सगळं कपाट पहिल्याच वर्षी लावायला घेऊ नका, मी घेतलं होतं आणि दोन वर्षं वर्गात एकही शीट आली नाही.

पहिल्या शीट्स निवडताना तुमच्या गावाच्या आसपासच्या निवडा, मुलांना जागा ओळखता आली पाहिजे. आणि कपाटात कारवी निघाली, तर फुलं आहेत की नाहीत, ठिकाण आणि साल एवढं मला नक्की कळवा. तुमच्या भागातल्या २००० च्या आधीच्या बहरांच्या नोंदी माझ्या तक्त्यात अजून रिकाम्या आहेत.